रोटाचे वाटेकरी

मेहरूण, जळगाव
४ डिसेंबर

चि. प्रेमराज,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. पडू दे. फाडण्याआधी एवढं वाच: दिपमालाला पळणं थांबवायला सांग. कायमचं नाही, माझं म्हणणं तू ऐकून घेईपर्यंत.

तू मला तुझ्या फोनवर ब्लॉक केलंस, तुझ्या बायकोच्या, किरणच्या फोनवरही केलंस, लेकीच्या फोनवर करायचं मात्र राहून गेलं. तिचं स्टेटस मी रोज बघते. सोनगीरच्या किल्ल्याखालून धुरळा उडवत येते, मागून कुणीतरी मैत्रीण ओरडते, "पय दिपे, पय!" खाली लिहिलेलं असतं, पोलीस भरती, खाकी हेच स्वप्न. काय पळते रे पोरगी! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. आणि लगेच फोन उलटा ठेवला.

मी तिला थेट फोन करू शकले असते. केला नाही. मोठ्यांना न विचारता रुपचंदला सांगितलं म्हणून तर आपलं बिनसलं. तेव्हा हे घे, मोठ्याला विचारते आहे. मोठा म्हणजे तू. हसू नको.

तू रागाच्या भरात निम्मंच ऐकतोस, म्हणून सगळं पुन्हा लिहिते. आपल्या घरातली माणसं म्हातारी होऊन जात नाहीत, उभ्या-उभ्या जातात. आबा कापूस वेचून बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. नवलकाका पोळ्याला सुटलेला बैल धरायला धावले आणि वेशीपाशीच आटोपले. गाव म्हणालं नजर, भगत म्हणाला पितर. मी म्हटलं, बघू तरी. आणि त्या बघण्यात माझं आयुष्य गेलं. बंगळूर झालं, परदेश झाला, आणि शेवटी इथे जळगावात येऊन आपल्याच लोकांचं रक्त तपासत बसले.

हृदयाचा स्नायू म्हणजे आखडणारे धागे. त्या धाग्यांना आवरून धरणारं एक प्रथिन असतं, बैलाला कासरा असतो तसं. ते कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. आपल्या घराण्यात त्या मजकुरातली थोडी अक्षरं गळलेली आहेत. मग कासरा अपुरा पडतो, स्नायू वर्षानुवर्षं जाड होत जातो, बाहेरून माणूस धडधाकट. आणि एक दिवस जोरात पळताना, ओझं उचलताना, ठोके सैरभैर होतात आणि थांबतात. एवढंच आहे ते. पितर नाहीत नि काही नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या प्रसादाला मी सुया घेऊन आले ते यासाठी. कुणाचं रक्त घ्यायचं ही मोठी पंचाईत असते संशोधनात, पण मला नव्हती. आपल्याकडे रोट खायला बसतो तो आपल्या रक्ताचा. परक्याला त्यातला घास नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. मी बिनलग्नाची राहिले म्हणून मला अजून मिळतो. याहून चोख यादी मला कुठल्या कचेरीत मिळाली असती? आणि पहिला हात पुढे केला तो तू. "हाई मनी बहीन शे, घाबरू नका," असं सगळ्या भाऊबंदकीला ओरडून सांगितलंस. मी ते विसरलेले नाही.

मग रुपचंदमध्ये ती खूण निघाली. नवलकाकांचा मुलगा, नुकता साखरपुडा ठरलेला. मी त्याला सांगितलं, त्याने मित्राला, मित्राने पाराला. मुलीकडच्यांनी नकार कळवला आणि भाऊबंद तुझ्या ओट्यावर चालून आले. "अक्का, घरनं नाव बुडाडं तू." तुझं ते शेवटचं वाक्य. रुपचंद आज गोळ्या घेतो, पोती उचलत नाही, जिवंत आहे. हे कुणी बोलत नाही.

तुझा निकाल माझ्याकडे आहे, पण फॉर्मवर 'निकाल कळवू नये' यापुढे तू खूण केलीस म्हणून मी तो उघडलेला नाही. तुझ्यात नसेल तर दिपमालात येणारच नाही, विषय संपला. असेल तर तिच्यात यायची शक्यता निम्मी. मला फक्त एक शब्द लिही, 'सांग'. तोवर पोरीला पळू देऊ नको.

किरणला विचारलं म्हणून सांग. कापूस वेचताना तिला चक्कर येते असं रुपचंद म्हणत होता. अशक्तपणा असेल. गूळ-शेंगदाणे खायला सांग आणि उपाशीपोटी शेतात जाऊ नको म्हणावं.

तुझी
अक्का


मेहरूण
१७ डिसेंबर

चि. प्रेमराज,

पोस्टमन तुझ्या हातात पत्र देऊन गेला, हे मी सोनगीरच्या पोस्टात फोन करून विचारलं. म्हणजे मिळालंय. तोंडाला कुलूप लावून बसला आहेस.

मी बसून राहू शकत नाही रे. दिपमाला आज पुन्हा पळाली. आज चढावर पळाली! व्हिडिओ संपेपर्यंत मी श्वास धरून बसते, संपला की पुन्हा लावते आणि तिच्या ओठांचा रंग बघते. माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅडम, जेवून घ्या. आज त्यांनी भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, मी दोन घास खाऊन उठले.

आमच्याकडे एका बाईच्या रक्तातून हृदयाच्या पेशी वाढवल्या आहेत. काचेच्या बशीत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्या बशीतच धडधडतात, कुणी न सांगता. बघायला येणारे 'अरे वा' म्हणतात. मला मात्र त्यांचं चुकणं दिसतं. नीट चालतात, चालतात, मधेच दोन ठोके घाईत, मग एक गाळला. ती बाई पन्नाशीची आहे, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून खिडकीबाहेर बघितल्याचं सोंग करते. फार हट्टी बाई आहे. तिचं जाऊ दे.

तुझा राग मला समजतो. चारचौघांत तुझी मान खाली गेली. पण रागापायी लेकीचा जीव टांगणीला लावशील एवढा तू वाईट नाहीस. लहानपणी मला ताप आला की तू माझ्या वाटचं सरपण आणायचास आणि आईला सांगायचास की अक्कानेच आणलं.

एक शब्द लिही. माझ्यावर थुंक, पण लिही.

किरणला विचारलं म्हणून सांग.

अक्का


मेहरूण
३० डिसेंबर

माझ्या लाडक्या भावड्या,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द, तोही पोरीच्या पेनाने घाईत खरडलेला. पण आलं! मी ते छातीशी धरून प्रयोगशाळेत नाचले, मुलं घाबरली.

आणि ऐक. तुझ्यात नाही. मी कुलूप उघडलं, नंबर जुळवला, पुन्हा जुळवला, मग हाताखालच्या मुलाला जुळवायला लावला. तुझी अक्षरं जागच्या जागी आहेत. आबांकडून तुला चांगली प्रत मिळाली. तुझ्यात नाही म्हणजे दिपमालात नाही.

पळू दे तिला! किल्ल्यावर चढू दे, हायवेवर ट्रकशी शर्यत लावू दे. मी चोपड्याच्या एका पोरीला, ती भरतीतच लागलेली आहे, विचारून बूट घेतले आणि आज सकाळी धुळे गाडीच्या कंडक्टरकडे दिले आहेत. सोनगीर फाट्यावर उतरवून घे. नवीन बूट आधी थोडे दिवस नुसते चालून वापरायचे, मग ग्राउंडला घालायचे, असं तिला सांग. ग्राउंड म्हणजे मैदानी परीक्षा हे मला आता कळलं, मी आपली मैदान झाडायला जाते की काय पोरगी असं समजत होते.

आता तुझं संकट टळलं म्हणून एक सांगते, चिडू नको. ती बशीतली हट्टी बाई मीच. ज्या दिवशी तुमचं रक्त घेतलं त्याच दिवशी माझंही घेतलं होतं. माझ्यात आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर छातीत ठोके सावरणारं यंत्र बसवायचं म्हणतात, मी बघू म्हणते. आबांकडून तुला चांगली प्रत आली, मला फाटकी. थोरली असून वाटणीत मीच मार खाल्ला, बघ.

वाईट वाटून घेऊ नको. मला आज इतकं हलकं वाटतंय की काही विचारू नको. संक्रांतीला ये. नाहीतर मीच येते, दारातून हाकललंस तरी येते.

किरणला विचारलं म्हणून सांग. चक्कर थांबली का? लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

तुझी
अक्का


पाचोरा स्टेशन
२१ जानेवारी

प्रेमराज,

मुलीला थांबव. हे वाचताक्षणी थांबव.

मी फलाटावर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय. दिपमालाला किती वेळा फोन लावला, बंद येतो. ग्राउंड जवळ आलं म्हणून तू काढून घेतलास की तिनेच बंद ठेवलाय? इथून गाडी मिळाली की मी तुझ्याकडेच निघते, तरी पत्र पेटीत टाकून ठेवते. संक्रांतीला तू आला नाहीस, मीही निघाले नाही, आता मला तू दारात उभी करशील याची खात्री नाही.

काय झालं ते क्रमाने सांगते. इथल्या एका डॉक्टरांनी महिन्यापूर्वी माझ्याकडे रक्ताचा नमुना पाठवला होता. जिनिंगवर कापसाची गाठ उचलताना एक तरुण पडला होता, वाचला. नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर. काल निकाल हातात आला. तीच अक्षरं गळलेली, त्याच जागी. त्याच्या आजूबाजूचा मजकूरसुद्धा थेट आपल्या घरासारखा. मला वाटलं माझ्याच लोकांनी नळ्या बदलल्या, त्यांना मी नाही नाही ते बोलले. नळ्या बदलल्या नव्हत्या.

घराण्याची माहिती घ्यायला आज इथे आले. डॉक्टरांनी दिलेला पत्ता शोधत गेले, दार उघडलं तर समोर सुपडूकाका. किरणचे चुलते! जिनिंगवर पडला तो त्यांचा मुलगा.

म्हातारा मला ओळखून खुश झाला, चहा ठेवायला लावला. मी विचारलं, काका, तुमच्या घरात आणखी कोण असं अचानक गेलं? तर म्हणाले, "किरणना बाप. इहिरमा पडना म्हनतस बठ्ठा. पडाना पहिलेच जायेल व्हता तो." म्हणजे विहिरीत पडायच्या आधीच गेला होता. आणि मग सहज, सुपारी कातरता कातरता, "आमनी माय बी अशीच गई. ती तुमनाच घरनी आंडेर व्हती ना, बाई. तोताराम पाटीलनी बहीन, कौतिकबाई. तुमले ठावं नही?"

नाही. मला ठाऊक नाही. आपल्या आजोबांची सख्खी बहीण, या घरची लेक, पाचोऱ्याला दिली आणि तिथे लेकरं लहान असतानाच गेली. पुढे तिची नात आपण सून म्हणून आणली. तुझ्या लग्नाला मी परदेशातून दोन दिवसांपुरती आले होते, अक्षता टाकल्या आणि गेले. आईला नक्की ठाऊक असणार. मी आईला कधी विचारलंच नाही. मी कुणाला विचारलं? रोट खाणाऱ्यांना! कौतिकबाईला लग्नानंतर आपल्या कानबाईचा घास मिळाला नाही, म्हणून ती माझ्या यादीत आली नाही. मी सगळं जग हिंडून आले, हृदयाचा एकेक रेणू ओळखते, आणि माणसं मोजायला बसले तेव्हा भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्यासारखी मोजली. लेक गेली की रक्त गेलं. कपाळ माझं!

तुझ्यात नाही हे खरंच आहे. पण दिपमालाला आई पण आहे. किरणमध्ये असेल तर पोरीत यायची शक्यता पुन्हा निम्मी. आणि किरणचा हात कुणी हातात घेतला नाही. सून परक्या रक्ताची म्हणून त्या दिवशी ती आत रोट भाजत होती आणि मी बाहेर सगळ्यांना सुया टोचत होते.

सुपडूकाकांनी त्यांच्या घरचं हे सगळं तुला कळवायला मला मोकळीक दिली आहे. म्हणाले, पोरनं जीवनं काम शे, सांगी द्या.

गाडी आली. थांबव तिला.

अक्का


मेहरूण
२३ जानेवारी

प्रेमराज,

तू मला ओट्यावर चढू दिलं नाहीस, ते ठीक. पाणी विचारलं नाहीस, तेही ठीक. पण तू जे बोललास ते रस्ताभर बसमध्ये माझ्या कानात वाजत होतं. "आधी नको म्हणालीस, पोरगी महिनाभर रडली. मग हो म्हणालीस, बूट पाठवलेस, ती पायाला फोड येईतो पळाली. आता आठवड्यावर ग्राउंड आलं तर पुन्हा नको. माझी पोर म्हणजे तुझ्या बशीतला प्रयोग आहे का गं?"

तू बरोबर बोललास. पण बरोबर बोलून उपयोग नाही, ती पळायची थांबली पाहिजे.

आणि दिपमाला गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती, पायात माझेच बूट. ती म्हणाली, "आत्या, एकदाव ठराव ना. पयू का नको पयू?" मला तिच्याकडे बघवलं नाही. तिच्या वयाच्या पोरी घरात बसून लग्नाची वाट बघतात आणि ही अंधारात उठून पळते, आणि दर वेळी तिच्या वाटेत कोण आडवं येतं? आत्या. शिकलेली आत्या.

मी हात जोडते. ग्राउंड पुढल्या वर्षीही येईल. चाचणीला एक दिवस लागतो, फक्त एक. रक्त इथे आणावं लागेल. दोघींनाही घेऊन ये. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर फाटकाबाहेर थांब, मी चेहऱ्यावर पदर घेईन.

भाऊबंद काय म्हणतील ही तुझी भीती मला कळते. रुपचंदचं झालं तसं दिपमालाचं होईल, नोकरी गेली आणि लग्नही गेलं, असं तुला वाटतं. होऊ शकतं तसं. ते मी खोटं ठरवत नाही. तरी पोरगी असेल ना रे! रुसायला, भांडायला, मला शिव्या द्यायला असेल ना.

किरणला

इथे नेहमीच्या सवयीने 'विचारलं म्हणून सांग' लिहायला गेले आणि हात थांबला. ती दारामागे उभी होती. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या रक्तावरून आपण दोघं अंगणात भांडत होतो आणि तिला ना तू काही विचारलंस ना मी.

अक्का


मेहरूण
२८ जानेवारी

प्रेमराज,

तुझी बायको आणि लेक शेतात नाहीत, धुळ्यात लग्नाला नाहीत, हे एव्हाना तुला कळलं असेल. त्या माझ्याकडे आहेत. ओरडण्याआधी शेवटपर्यंत वाच. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र रुपचंदच्या हाती देते आहे, तो मोटारसायकलवर निघतोय.

काल सकाळी दार वाजलं. किरण, मागे दिपमाला तोंड फुगवून. पहिल्या एसटीने आलेल्या. मी काही बोलायच्या आत किरणने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमनी बठ्ठी पत्रं वाची मी, अक्का. यासनी फळीवर फेकी देल व्हतीत. दरदाव शेवटनी वळ मनी ऱ्हास." तू फेकून दिलेली पत्रं तिने उचलून वाचली आणि प्रत्येकातली शेवटची ओळ तिचीच होती. मग बाही वर सारून हात पुढे केला. "मनं रक्त घ्या. माले बी काळीज शे."

प्रेमराज, मी तिथेच रडले. तिने मला पाणी आणून दिलं, माझ्याच घरात.

दोघींचं रक्त मी स्वतः काढलं. पुढचं कामही कुणाला करू दिलं नाही, कित्येक वर्षांत हातात पिपेट धरलं नव्हतं तरी. जनुकाचा तेवढाच तुकडा मशीनमध्ये वाढवायचा, जेलीसारख्या पातळ जेलवर सोडायचा आणि वीज लावायची. तुकडा पुढे सरकतो. अक्षरं पूर्ण असतील तर एकच रेघ दिसते. एक प्रत फाटकी असेल तर दोन. शेजारी ताडून बघायला मी माझं आणि तुझं जुनं रक्तही ठेवलं.

मशीन चालू असताना करायला काही नसतं. दिपमाला पाठ करून बसली होती. तिला मी माझ्या पेशी दाखवल्या. बराच वेळ डोळा लावून बघत राहिली. मग विचारलं, "हाई तू शे?" मी म्हटलं, हो. "चुकस मधमा." मी म्हटलं, हो. त्यावर तिने माझा हात धरला, एवढंच.

आणि मग मी किरणला विचारलं, पहिल्यांदा, नीट, जशी मी दर पेशंटला विचारते तशी: चक्कर कधी येते? पोट रिकामं असताना की काम करताना? ती म्हणाली, काम करताना. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांध चढताना. आधी छातीत काहीतरी भरभर धावतं, मग डोळ्यांपुढे अंधार. दोनदा शेतात पडली आहे, शुद्धीवर आली तेव्हा तोंडात माती होती. तुला म्हणाली, ऊन लागलं. तू म्हणालास, पदर नीट घे. आणि मी, हृदयावर आयुष्य घालवलेली तुझी बहीण, तिला गूळ-शेंगदाणे खा म्हणाले. ते पत्र तुझ्याकडे आहे, काढून बघ. मी असं कुठल्या परक्या बाईला लिहिलं असतं तर माझ्या हाताखालच्या पोरांनी मला नोकरीवरून काढलं असतं.

संध्याकाळी जेल दिव्याखाली धरलं. चार रकाने. माझ्यात दोन रेघा. तुझ्यात एक. दिपमालात एक, तुझ्यासारखी, स्वच्छ, ठळक. मी मोठ्याने ओरडले. मग चौथा रकाना बघितला.

किरणमध्ये दोन.

आज सकाळी तिला इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत स्नायू माझ्याहून जाड आहे. ते म्हणाले, या बाई आजवर कशा चालत्या-फिरत्या राहिल्या? म्हणाले, आजपासून ओझं नाही, शेत नाही, आणि छातीत यंत्र बसवायला नाशिकला लगेच न्या. मला बघू म्हणायची सवय आहे, त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं की या बाईंच्या बाबतीत बघू चालणार नाही.

ऐकतोस ना? आपण दोघं दिपमालाच्या पळण्यावरून एकमेकांच्या उरावर बसलो होतो, आणि तिकडे किरण रोज गाठोडं घेऊन बांध चढत होती.

दिपमाला उद्या धुळ्याला ग्राउंडवर पळणार आहे. तिला मी सांगितलं, पळ, आता देवाने येऊन अडवलं तरी पळ. ती म्हणाली, आईला सोडून जात नाही. किरणने तिला दोन शब्द असे सुनावले की पोरगी बूट पुसायला बसली. रुपचंद रात्री परत येऊन तिला घेऊन जाईल. तू किरणकडे ये.

गोठ्यातल्या म्हशीचं शेजारच्यांना सांग. किरण मघापासून म्हशीचीच काळजी करते आहे. ये रे. भांडायला ये, पण ये.

अक्का


मेहरूण
श्रावण, कानबाईच्या आदल्या आठवड्यात

प्रिय किरण,

तुझ्या नावाने हे माझं पहिलं पत्र. बावीस वर्षं तू या घरात आहेस आणि तुझ्या नावाचं पाकीट मी कधी विकत घेतलं नाही, लाज वाटते. फोनवर बोलता आलं असतं, आता तर दोघांनीही मला ब्लॉकमधून सोडवलंय. पण पत्रातली शेवटची ओळ तू दर वेळी वाचलीस, म्हटलं आता पहिलीही वाच.

यंत्राच्या जागी खाज येते म्हणालीस, ती येणारच. मलाही येते. आपल्या दोघींच्या छातीत एकाच कंपनीचं यंत्र आहे, नणंद-भावजयीने एका दुकानातून पातळं घ्यावीत तसं. नाशिकला तुला आत नेलं तेव्हा प्रेमराज बाहेरच्या बाकावर बसून हमसून रडत होता, हे त्याने तुला सांगितलं नसणार. मी सांगते. मी शेजारी बसले तर म्हणाला, "अक्का, माले दिसंच नही व्हतं." मी म्हटलं, मला तरी कुठे दिसलं. मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, चल, तूही यंत्राचा फॉर्म भर, दोघींचं एकदमच होऊन जाऊ दे. म्हणून माझं 'बघू' संपलं.

दिपमालाचं नाव भरतीच्या यादीत लागल्यापासून तिचा दर दोन दिवसांनी फोन असतो. आता म्हणते, आत्या, ट्रेनिंगला आणखी चांगले बूट लागतात. पक्की आहे. घेते.

आता कामाचं. यंदा विसर्जनाला कानबाई डोक्यावर घ्यायची नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि डॉक्टरांपेक्षा मी जास्त ओरडेन. तू बस, गाणं म्हण, आणि रोट भाजायला बाकीच्यांना लाव. मी सुया घेऊन येते आहे. या खेपेला सगळ्या सुनांचं रक्त घेणार, आणि लग्न होऊन गेलेल्या ज्या ज्या लेकींचं नाव कुणा म्हातारीला आठवेल त्यांच्या पोराबाळांचं. सुपडूकाकांना मी सगळ्या घरादारासकट बोलावलंय. ते म्हणाले, आम्हाला तुमचा रोट चालत नाही, आम्ही परके. मी म्हटलं, कौतिकबाईचा घास इतकी वर्षं राहिलाय, तेवढा तरी खाऊन जा. भाऊबंद कुरकुरतील. प्रेमराज म्हणाला, कुरकुरू दे, रोटात माणशी सव्वा मूठ पीठ पडतं, कौतिकबाईच्या नावाचं मीच टाकतो.

तू मात्र बाहेर माझ्याजवळ बस. पहिला हात तुझा धरणार आहे, सगळ्यांसमोर.

जपून राहा. चक्कर, धडधड, काहीही वाटलं तर आधी मला सांग, मग म्हशीला.

प्रेमराजला विचारलं म्हणून सांग.

तुझी
अक्का